स्मरणार्थ श्रीखंड

सिंथिया मिरांडाने वृद्धाश्रमाचं श्रीखंड विकून वसईला वन बीएचके घेतला, ही बातमी मरोळ गावठाणात पहिल्यांदा कोणी सोडली ते आता कळायला मार्ग नाही. सकाळी ती बातमी क्रुसाजवळच्या बाकावर बसलेली होती. दुपारपर्यंत तिला बाल्कनी फुटली. संध्याकाळी फ्लॅट टू बीएचके झाला आणि चालत चालत स्टेशनच्या अगदी जवळ आला.

तर आधी तेवढं निस्तरून टाकू. फ्लॅट नाही. वसईला सिंथियाची बहीण शर्लिन भाड्याने राहते. ती मुलीच्या बाळंतपणाला मस्कतला गेली आणि मागे राहिलेल्या मांजरीला खायला घालायला सिंथिया अधूनमधून तिकडे जायची. हातात दुसऱ्याची किल्ली घेऊन निघालेली विधवा बघितली की लोक तिच्यासाठी घर बांधायला घेतात, सिमेंटचा खर्च थोडाच असतो. श्रीखंड मात्र तिने विकलं. लपूनछपून नाही, चांगलं दोन-तीन वर्षं विकलं, आणि ते स्वस्तात नेणाऱ्यांमध्ये हीच बाकावरची मंडळी सगळ्यात पुढे होती.

सिंथिया साठीला टेकलेली, अंगाने आडवी, कायम गाऊनवर ओढणी, आणि मनगटावर नवऱ्याचं, लेस्टरचं, ढगळ घड्याळ. आवाज असा की ती फोनवर बोलायला लागली की समोरच्या घरातली माणसं मधेमधे उत्तरं द्यायची. तिचं अख्खं आयुष्य विमानतळाजवळच्या एका फ्लाइट किचनमध्ये ट्रे भरण्यात गेलं. तिथला नियम असा, की विमानातून परत आलेला ट्रे, त्याचं झाकणसुद्धा कोणी उघडलेलं नसलं तरी, सरळ कचऱ्यात. घरी न्यायचा नाही, शिपायाला द्यायचा नाही, कुत्र्याला घालायचा नाही. "मी फेकलेल्या बटरमध्ये हे गावठाण पोहायला शिकलं असतं," असं ती म्हणायची. अन्न फेकलेलं तिला बघवत नसे ते तेव्हापासून.

रिटायर झाल्यावर ती महिनाभरसुद्धा घरी बसली नसेल, तेवढ्यात तिचा धाकटा दीर क्लेमेंट तिला 'सायंतारा'त घेऊन गेला. 'सायंतारा वृद्धनिवास' म्हणजे गावठाणाच्या टोकाची, तळमजला आणि वर एक मजला एवढीच इमारत. एका शेतमालकाने मरताना जमीन दिली, त्यावर ट्रस्ट उभा राहिला. विश्वस्त सात. त्यातले दोघे परदेशात, मीटिंगला मोबाइलच्या पडद्यावर येतात आणि मधेच गोठतात. एकाला ऐकू येत नाही, तो प्रत्येक ठरावाला हात वर करतो. क्लेमेंट स्वतः एक विश्वस्त. आणि अध्यक्ष शरच्चंद्र सामंत, सरकारी खात्यातून निवृत्त. सामंतसाहेबांना चहा हवा असला तरी सूचक आणि अनुमोदक लागतो, असं आश्रमातले म्हातारे म्हणतात, आणि म्हाताऱ्यांना दुसरं काम नसतं म्हणून ते खोटं ठरत नाही.

"चिटणीस कोणीतरी पाहिजे," सामंत म्हणाले होते.

"आमची वहिनी आहे ना," क्लेमेंट म्हणाला. "घरी रिकामीच बसलेली असते."

असं सिंथियाचं मानद चिटणीसपद ठरलं. मानद म्हणजे पगार नाही आणि बोलणी खायला वेळेचं बंधन नाही.

पहिल्या वर्षभरातच तिला आश्रमाच्या पैशांची गंमत कळली. सायंतारात पैसा येत नाही, जेवण येतं. कोणाच्या आईचा वर्षदिवस, कोणाच्या नातवाचा पहिला वाढदिवस, कोणाचा लग्नाचा पंचविसावा. माणसं फोन करतात, तारीख धरतात, एका वेळचं जेवण देतात, आणि जेवण म्हटलं की गोड आलंच. पितृपक्षात तर आश्रमाला हॉलसारखं बुकिंग असतं. एका दुपारी तीन-तीन घरची पितरं जेवून जातात, पंधरा दिवस खीर, बासुंदी, श्रीखंड, जिलबी. नाताळात केक. मे महिन्यात दाते गावाला जातात, तेव्हा आमटी-भात. अर्ध्याहून जास्त म्हाताऱ्यांना साखरेचं दुखणं. पण जेवण देणारा समोर उभा असतो, त्याच्या बायकोच्या हातात मोबाइल असतो, फोटोत ताटात पिवळं काहीतरी दिसायला हवं असतं.

बाथरूमच्या नळाला कोणी पैसे देत नाही. नळावर कोणाचं नाव कोरणार? आयांच्या पगाराला कोणी देत नाही. कायम ठेवीला हात लावायचा नाही, तिच्या व्याजात पगार आणि विजेचं बिल कसंबसं बसतं. आणि तळमजल्याच्या मोठ्या खोलीत चारजण होते, जे अंथरुणातून उठत नव्हते. त्यांच्या डायपरचा खर्च ट्रस्टच्या हिशेबात कुठेच नव्हता.

सिंथियाने तो विषय मीटिंगमध्ये काढला तेव्हा सामंतांनी चष्मा पुसला. "तरतूद नाही, सिंथियाबाई. ती वैयक्तिक वापराची वस्तू आहे. नातेवाइकांनी आणायची."

"नातेवाईक फोन उचलत नाहीत, साहेब."

"मग त्यांना पत्र पाठवा."

"पत्र घालून झोपवू का त्यांना रात्री?"

मोबाइलच्या पडद्यावरचा विश्वस्त हसला आणि तसाच गोठला. विषय पुढच्या बैठकीवर गेला. दात्यांनी गोडाऐवजी रोख द्यावी, असंही तिने सुचवून बघितलं. दात्यांच्या भावनांचा प्रश्न आहे, असं उत्तर मिळालं. पुढच्या बैठकीला गणसंख्या पुरी झाली नाही.

त्या चौघांतला एक अंबादास. विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहून ज्याची पंचवीस-तीस वर्षं गेली, त्याला पक्षाघाताने आडवा पाडला. उजवी बाजू गेली, जीभ वाचली. रोज सकाळी सिंथिया खोलीत आली की तो विचारायचा, "काय गं, आज कोण मेलं?"

"आज एक मेलेले, एक बड्डे."

"मग हसत खायचं का रडत?"

"तू गप्प खा. तुझ्या ताटात दोन्ही नाही. तुला भाजी-भाकरी."

डायपर संपले की आया जानकी जुन्या चादरी फाडून चौघांना गुंडाळायची. त्या पावसाळ्यात चादरी वाळत नव्हत्या. ओल्यावर ओलं बांधून अंबादासच्या पाठीला जखम झाली. तो रात्री ओरडला नाही, सकाळी विनोद केला नाही, त्यावरून सिंथियाला कळलं.

आणि नेमका पितृपक्ष. एका दुपारी तीन घरची पानं वाढून झाली आणि सीलबंद श्रीखंडाचे डबे स्वयंपाकघरात छातीपर्यंत रचलेले. जानकी फ्रीजचं दार ढोपराने दाबत होती.

"आंटी, नाही मावत. काय करू? गटारात?"

फ्लाइट किचनच्या बाईला गटार हा शब्द लागला. त्याच वेळी गावठाणातल्या एका भिशीवालीचा फोन आला, की चांगलं श्रीखंड कुठे स्वस्त मिळतं गं. सिंथियाने दोन मिनिटं विचार केला असेल. तिच्या मानाने फार झाला. संध्याकाळी डबे भिशीला गेले आणि मेडिकलवाल्याकडून डायपरचे खोके आले. त्या रात्री चारही जण कोरडे झोपले.

मग तो रिवाजच पडला. सिंथियाचे नियम कडक होते. दात्यासमोर प्रत्येक ताटात एक चमचा वाढायचा, फोटो होऊ द्यायचा. वरच्या मजल्यावर ज्याला खाता येतं त्याने पोटभर खायचं, दुसऱ्यांदा मागितलं तर दुसऱ्यांदा. उरलेले न उघडलेले डबेच बाहेर जायचे, ते पण झाकणावरचं स्टिकर कोमट पाण्याने काढून. स्टिकरवर 'स्मरणार्थ' असायचं, नाव असायचं, कधी हार घातलेला फोटो. जानकी ती काढून जुन्या कॅलेंडरच्या मागे चिकटवायची, मेलेल्या माणसाला कचऱ्यात टाकायचं नाही म्हणून.

बारसं, भिशी, साखरपुडा, सोसायटीची पूजा, सगळ्यांना माहीत झालं. दुकानातल्यापेक्षा निम्म्यात. "सिंथिया, या आठवड्यात कोणी देवाघरी गेलंय का गं," असं बायका रस्त्यात हसून विचारायच्या. अंबादासला तर फारच आवडलं होतं. जानकी त्याला उलटवायला आली की तो म्हणायचा, "आज माझ्या बुडाखाली कोणाची पुण्यतिथी?"

ट्रस्टला तिने सांगितलं नाही. ती चूक तिचीच. सांगितलं असतं तर उपसमिती नेमली असती, आणि उपसमितीचा अहवाल येईपर्यंत पाठ सडली असती, हेही तिला माहीत होतं. क्लेमेंटला ठाऊक होतं. तो घरचाच.

इकडे सामंतसाहेबांनी एक मोठा मासा धरला होता. देवदत्त गुप्ते, मुलुंडला इंटीरियरचं मोठं ऑफिस, वडील वासुदेवराव तीन वर्षांपूर्वी वारलेले. दर पुण्यतिथीला तो सायंताराला श्रीखंड-पुरीचं जेवण द्यायचा, स्वतः वाढायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. माणूस वाईट नव्हता. त्याच्या मनात आलं की वडिलांच्या नावाने आश्रमात एक भोजनगृह बांधावं. एसी, टाइल्स, भिंतीवर वडिलांचं मोठं चित्र. जागा? सामंतांनी ताबडतोब जागा दाखवली. तळमजल्याची मोठी खोली. हवेशीर, दाराला लागून.

"तिथे माणसं आहेत," सिंथिया म्हणाली.

"चारच आहेत. त्यांची अन्यत्र सोय करता येईल. तशीही आपली संस्था चालत्या-फिरत्या ज्येष्ठांसाठी आहे. घटनेतच तसं आहे."

"घटना लिहिली तेव्हा ते चालत होते, साहेब. चालत आले, इथे म्हातारे झाले, मग पडले."

"दात्याला वास येतो, सिंथियाबाई."

"मला पण येतो. मी नाक कापून येत नाही रोज."

वर्षभर तिने तो ठराव अडवून धरला. चिटणीस नाही म्हणते तोवर अध्यक्षांना तो रेटता येत नव्हता, कारण ती घरी बसली तर रोजचा आश्रम चालवायला दुसरं कोणी तयार नव्हतं. चारजणांची खोली तिच्या खुर्चीवर टेकलेली होती. हे सिंथियाला माहीत होतं, सामंतांना माहीत होतं, आणि अंबादासलाही. "तू खुर्ची सोडू नकोस," तो म्हणायचा, "तुझ्या खुर्चीला माझा पलंग बांधलाय."

मग क्लेमेंटच्या मुलाचा, शेर्विनचा, साखरपुडा ठरला. शेर्विन नोकरीला होता देवदत्त गुप्त्यांच्या ऑफिसात. साहेबाला आमंत्रण, साहेब शाकाहारी, म्हणून एका कोपऱ्यात शाकाहारी टेबल. क्लेमेंट सिंथियाकडे आला.

"वहिनी, श्रीखंड पाहिजे. जरा जास्त."

"या वेळचं गुप्त्यांचं आहे. परवाच पुण्यतिथी झाली."

"चालेल ना. श्रीखंडाला आडनाव असतं का?"

"भाव ठाऊक आहे ना?"

"घरचं कार्य आहे गं, वहिनी. घरच्या माणसाला काय भाव लावतेस."

"घरचं कार्य आहे म्हणून केकवाल्याने सोडलं का तुला? त्याला मोजलेस ना?"

घासाघीस करून त्याने आणखी कमी केलं. डबे न्यायला तो स्वतः आला, खाली रिक्षा थांबलेली, मीटर चालू. जानकीने पाणी गरम करायला ठेवलं होतं. "थांब रे, स्टिकर काढू दे," सिंथिया म्हणाली. "काढतो मी, घरी पोरं आहेत," म्हणत त्याने खोके उचलले. पोरं घरी होती खरी. ती नाचाची तालीम करत होती.

साखरपुड्याच्या रात्री मांडवात डुकराच्या मटणाचं सोरपोतेल, त्यात बुडवायला तळलेले फुगे, वाइन, बॅण्ड, सगळं झकास. शाकाहारी टेबलाशी देवदत्त आणि त्याची बायको गंधाली. शेर्विनने आदराने साहेबांच्या पुढे डबा ठेवला. झाकणावर वासुदेवराव गुप्ते. हार घातलेले, हसरे.

देवदत्तला आधी वाटलं, डोळे फिरले. मग त्याने शेजारचा डबा बघितला. मग पलीकडचं टेबल. तिथे कोणीतरी वासुदेवरावांवर सिगारेट विझवली होती. एका झाकणात सोरपोतेलचं हाड पडलं होतं. देवदत्त उठला, बॅण्ड वाजत असताना टेबलाटेबलाने फिरला, वडील गोळा केले, खिशातल्या रुमालाने एकेक पुसला, आणि गंधालीच्या पर्समध्ये ठेवत गेला. लोकांना वाटलं, साहेब पर्यावरणवाले आहेत. तो गाडीत बसून रडला, असं ड्रायव्हरने शेर्विनला सांगितलं. त्या रात्रीपुरती तरी कोणालाच हसण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी वसईचा फ्लॅट तयार झाला.

रविवारी तातडीची बैठक. झाडून सगळे हजर, पडद्यावरचे दोघेसुद्धा न गोठता. देवदत्त खास निमंत्रित. त्याने झाकणं टेबलावर एका ओळीत मांडली. कोणी त्यांच्याकडे बघायला तयार नव्हतं, आणि दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

"हे खरं आहे?" सामंतांनी विचारलं.

"खरं आहे," सिंथिया म्हणाली.

"विशिष्ट कारणासाठी दिलेल्या देणगीचा असा विनियोग म्हणजे काय, ते कळतं तुम्हाला? धर्मादाय आयुक्तांकडे गेलं तर सगळ्या विश्वस्तांवर येईल."

"डायपर आणले. चौघांचे. मेडिकलवाल्याला विचारा."

"विचारायचा प्रश्न नाही. अधिकार कोणी दिला?"

सिंथियाने क्लेमेंटकडे बघितलं. "तू सांग ना रे. साखरपुडा तुझ्याकडे होता."

क्लेमेंटने नवीन शर्टाची कॉलर सारखी केली. "मला वाटलं, वहिनीने दुकानातून आणलंय. मला काय माहीत."

"भाव कोणी पाडला मग? दुकानाशी भांडत होतास का माझ्या ओट्यावर उभा राहून?"

"वैयक्तिक आरोप नकोत," सामंत म्हणाले. ऐकू न येणाऱ्या विश्वस्ताने सवयीने हात वर केला.

देवदत्त तेवढ्यात पहिल्यांदा बोलला. "मला पैशाचं काही नाही, बाई. मागितले असते तर मी डायपर दिले असते."

"दिले असतेत?"

"दिले असते."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून सिंथियाला ते खरं वाटलं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तिने ट्रस्टकडे मागितलं होतं. दात्याकडे थेट मागायचं नाही, देणग्यांचा पत्रव्यवहार अध्यक्षांमार्फतच, असा नियम होता, आणि सगळे नियम मोडणाऱ्या बाईने नेमका तेवढा पाळला होता.

सामंतांनी बैठक थांबवून तिला व्हरांड्यात नेलं. "सिंथियाबाई, मी तुमच्या बाजूचाच आहे. गुप्त्यांची सर्वांसमोर माफी मागा. रीतसर, हात जोडून. त्यांचं मन निवलं की मी सांभाळून घेतो."

"आणि खोली?"

"खोलीचं पण बघू."

"बघू नाही. चौघं राहणार का?"

"तुम्ही माफी तर मागा."

खिडकीतून अंबादासचा पलंग दिसत होता. तो जागा होता, डोळे छताला लावून कान इकडे देऊन पडलेला. सिंथियाने आयुष्यात नवऱ्याची माफी मागितली नव्हती. लेस्टर गेला तेव्हाही पेटीजवळ उभी राहून तिने त्यालाच सुनावलं होतं, की डॉक्टरकडे जा म्हणत होते ना. ती आत गेली. देवदत्तसमोर हात जोडले आणि म्हणाली, "तुमच्या वडिलांचा असा अपमान व्हायला नको होता. माझं चुकलं. मला माफ करा."

देवदत्तने मान हलवली आणि पुन्हा झाकणांकडे बघत बसला.

मग सामंतांनी ठराव मांडले. एक, चिटणीसांनी चूक मान्य केल्याची नोंद घेऊन आभारासह त्यांना पदमुक्त करावं. दोन, अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांना संस्थेत ठेवता येणार नाही, सध्या असलेल्यांना महिन्याभरात हलवावं. तीन, रिकाम्या होणाऱ्या खोलीत कै. वासुदेव गुप्ते स्मृती भोजनगृह. तिन्हीला अनुमोदन, क्लेमेंट मिरांडा. परदेशातले दोघे आणि बहिरे, सगळ्यांचे हात वर.

"साहेब, तुम्ही म्हणालात..." सिंथिया म्हणाली.

"मी म्हणालो, बघू. आम्ही बघितलं."

देवदत्तला दुसऱ्या ठरावाचा अर्थ कळला का, कोण जाणे. तो गंधालीने दिलेल्या पिशवीत झाकणं भरत होता.

चौघांपैकी दोघांना विरारच्या पुढे कुठेतरी, बाहेर पाटी नसलेल्या एका जागी नेलं. तिसऱ्याचा मुलगा अचानक सापडला, कारण पोलिसांत जाऊ असं त्याला सांगितलं गेलं. अंबादासला त्याचा कुर्ल्याचा पुतण्या टेम्पोतून घेऊन गेला. पुतण्याचं घर एका खोलीचं, त्यात चार माणसं. टेम्पोत चढवताना जानकी रडत होती, सिंथिया दोरी नीट बांधली का ते बघत होती.

"तू माफी मागितलीस म्हणे," अंबादास म्हणाला.

"मागितली."

"मागायची नव्हतीस गं. फुकट गेली."

दिवाळीच्या आत पुतण्याचा फोन आला, की काका गेले. पाठीच्या जखमेतून ताप डोक्यात गेला म्हणे. गावठाणात कोणी विचारलं तर सिंथिया एवढंच सांगायची, की म्हातारा होता. बाकावरच्या मंडळींनी त्या आठवड्यात वसईच्या फ्लॅटला लिफ्ट बसवली.

सायंतारात मात्र एक नवीनच गोष्ट सुरू झाली. वरच्या मजल्यावरचे सगळे अचानक ठणठणीत झाले. कोणाचं गुडघ्याचं दुखणं नाही, कोणाला चक्कर नाही, कोणी पडत नाही. नव्या चिटणिसाने अभिमानाने अहवालात लिहिलं, की ज्येष्ठांचं आरोग्य लक्षणीय सुधारलं. जानकी संध्याकाळी सिंथियाच्या ओट्यावर येऊन खरं सांगायची. अँजेलिना, ऐंशीच्या पुढची, पूर्वीची शिवणकाम शिकवणारी, बाथरूममध्ये पडली आणि तिने तोंडात टॉवेल धरला. घोटा भोपळ्यासारखा सुजला तरी दुपारी जिना उतरून जेवायला आली. जानकीने हात धरला तर दाताखालून म्हणाली, "सोड गं, कोणी बघेल. मला विरारला पाठवतील."

भोजनगृहाच्या उद्घाटनाला सिंथियाला आमंत्रण होतं. माजी चिटणीस म्हणून, पहिल्या रांगेत. ती जाणार नाही अशी पैज बाकावर लागली होती, आणि ती गेली. गाऊन नाही, साडी नेसून. खोली ओळखू येत नव्हती. जिथे पलंग होते तिथे टेबलं, पांढऱ्या टाइल्स, एसीची थंडी, भिंतीवर वासुदेवराव. वासाचं नाव नाही. म्हातारे एकेक करून दारातून आत येत होते, सगळे चालत, सगळे ताठ, फोटोवाला पुढे. अँजेलिना सगळ्यात मागे, भिंतीला बोटं लावत, ओठ आवळून हसत होती. पायात दोन नंबर मोठी चप्पल.

क्लेमेंटने वहिनीला खुर्ची दिली. देवदत्त येऊन नमस्कार करून गेला, मनापासून. पानं वाढली गेली, पांढऱ्या ताटात श्रीखंड. मग सामंतसाहेब माईक घेऊन पहिल्या रांगेशी आले. मन मोठं होतं त्यांचं त्या दिवशी.

"सिंथियाबाई, झालं गेलं विसरून जाऊ. इतकी वर्षं तुम्ही इथे काम केलंत. बघा किती सुंदर झालंय. काही राहिलं असेल तर सांगा, हक्काने सांगा."

सिंथियाला माईकची गरज नव्हती. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "हॉल छान झालाय, साहेब. फक्त दारावरच्या पाटीवर एक ओळ वाढवा, की इथे राहणाऱ्याने मरायच्या दिवशीसुद्धा आपल्या पायांनी चालत जेवायला यायचं."